हेल्थ इन्शुरन्सवर अजून १८ टक्के जीएसटी लागतो का?

नाही, स्वतःची किंवा फॅमिली फ्लोटर (पूर्ण कुटुंबाची मिळून एकच) पॉलिसी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झालाय, जीएसटी कौन्सिलच्या ५६व्या बैठकीत ठरलं ते. म्हणजे बेस प्रीमियम (टॅक्स धरण्याआधीचा हप्ता) २०,००० असेल तर आधी २३,६०० भरायचे आता २०,०००च, बिल साधारण १५ टक्क्यांनी कमी (१८ नाही, लोक इथेच गडबडतात). पण कंपनीकडून मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के आहेच. आणि एक गोम अशी की विमा कंपन्यांना आता एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे वजावट) मिळत नाही, तो खर्च त्यांच्याच अंगावर पडतो, त्यामुळे पुढे बेस प्रीमियमच वाढवू शकतात, रिन्यूअलच्या वेळी जुनी पावती काढून बेसचा आकडा ताडून बघा.