इंजिनाच्या नावाआधी पंपाचे नाव विचारा

प्रश्न : जड ट्रेलर ओढण्यासाठी मला वापरलेला, पाऊण टनी वर्गातील डिझेल पिकअप घ्यायचा आहे. ओळखीतले तिघे जण तीन इंजिनांची शिफारस करतात. एक कमिन्सचे नाव घेतो, दुसरा पॉवर स्ट्रोकचे आणि तिसरा ड्युरामॅक्सचे. शिवाय प्रत्येक जण इतर दोन इंजिनांची एखादी तरी वाईट हकीकत ऐकवतो. यांपैकी सर्वांत भरवशाचे इंजिन कोणते?

उत्तर : आपल्या ओळखीतल्या तिघांचेही म्हणणे बरोबर असण्याची बरीच शक्यता आहे, कारण ते बहुधा वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांविषयी बोलत असावेत. कमिन्स, पॉवर स्ट्रोक आणि ड्युरामॅक्स ही एकेका इंजिनाची नव्हे, तर घराण्यांची नावे आहेत, आणि एकाच घराण्यातल्या दोन पिढ्यांत जितका फरक आढळतो तितका कित्येकदा दोन घराण्यांतही आढळत नाही. त्यामुळे ‘कोणते इंजिन’ या प्रश्नाला ‘कोणत्या वर्षाचे’ ही जोड दिल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण फोर्डच्या पॉवर स्ट्रोकचे आहे. १९९४ ते २००३ या काळात आलेले ७.३ लिटरचे इंजिन नॅव्हिस्टारने बनवले होते. त्याचे इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे भाग, इंजिन ऑइलच्या उच्च दाबावर चालतात, त्यामुळे ऑइलची प्रत आणि पातळी यांकडे दुर्लक्ष झाले की त्याचा परिणाम थेट इंधनाच्या फवाऱ्यावर होतो. एकदा ऑइल बदलायचे म्हटले की सुमारे १४ लिटर लागते. एवढे सांभाळले तर हे इंजिन सहजी दगा देत नाही. त्याचा प्रसिद्ध दोष म्हणजे कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर : हा छोटासा भाग बिघडला की धावती गाडी जागीच बंद पडते, म्हणून जाणते मालक एक जादा सेन्सर आणि १० मिलिमीटरचा पाना गाडीतच ठेवतात.

त्याच नॅव्हिस्टारने त्यापाठोपाठ ६.० लिटरचे इंजिन दिले आणि २००३ ते २००७ या वर्षांतल्या या इंजिनाने घराण्याचे नाव पार खाली आणले. ते कसे घडले हे जरा सविस्तर सांगतो, कारण ‘इंजिन खराब आहे’ या ढोबळ शब्दांमागे प्रत्यक्षात काय चालते ते यातून चांगले कळते. या इंजिनात ऑइल कूलरमधल्या कूलंटच्या वाटा फार अरुंद आहेत. ओतकामातून उरलेली रेती आणि कूलंटमधला गाळ तिथे अडकतो आणि वाट हळूहळू बुजते. ऑइल कूलरमधून बाहेर पडणारे कूलंटच पुढे ईजीआर कूलरकडे, म्हणजे निकासातले तप्त वायू थंड करणाऱ्या भागाकडे, जाते. तिथला पुरवठा कमी पडला की उरलेले कूलंट उकळते, तो कूलर फुटतो आणि पाणी सेवनमार्गात शिरते. सिलिंडरमधला दाब भलताच वाढतो, आणि प्रत्येक सिलिंडरभोवती हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, आवळणारे चारच बोल्ट असल्यामुळे ते ताणले जाऊन हेड उचलले जाते व गास्केट जाते. मालकाला दिसते ते फक्त शेवटचे दृश्य. तो गास्केट बदलून घेतो, मूळ ऑइल कूलर तसाच राहतो, आणि काही महिन्यांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे इंजिन घेण्यापूर्वी एक परीक्षा आवर्जून करावी : इंजिन पूर्ण तापल्यावर सपाट महामार्गावर एकाच वेगाने गाडी चालवून ऑइलचे आणि कूलंटचे तापमान स्कॅनरवर वाचावे. दोन्हींत १५ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक फरक राहत असेल तर ऑइल कूलर बुजत चालला आहे असे समजावे. कूलंटच्या बाटलीच्या झाकणाभोवती वाळलेले पांढरे ओघळ दिसले तर परीक्षेचेही कारण नाही. गाडी सोडून द्यावी.

२००८ ते २०१० मधल्या ६.४ लिटरच्या इंजिनाविषयी एवढेच म्हणतो की ते शक्तिमान आहे आणि मी ते कोणालाही सुचवत नाही. २०११पासून फोर्डने स्वतः रचलेले ६.७ लिटरचे इंजिन आले आणि मूळ लोखंडापुरते पाहिले तर ते उत्तम आहे. त्याच्या पंपाकडे, म्हणजे इंजेक्टरांना उच्च दाबाने इंधन पुरवणाऱ्या भागाकडे, थोड्या वेळाने येतो.

कमिन्सची कीर्ती त्याच्या मांडणीत आहे. सहा सिलिंडर एका रांगेत, सात मेन बेअरिंग, एकच हेड, आणि कॅमशाफ्ट फिरवायला साखळी किंवा पट्टा नसून गिअर. रांगेतल्या सहा सिलिंडरांचा तोल निसर्गतःच साधला जातो, आणि मेकॅनिकला दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा मिळते. डॉजमध्ये १९८९ साली ५.९ लिटरचे हे इंजिन आले तेव्हा त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती होती. एवढ्या मोठ्या लोखंडातून एवढेच काम काढले की ते टिकणारच! १९९४ ते १९९८ मधला पी७१०० हा यांत्रिक पंप असलेला बारा व्हॉल्व्हचा नमुना अजूनही लोक हुडकून घेतात. त्यातही एक खोड आहे : गिअरच्या घरातली एक बारीक डॉवेल पिन कंपनाने सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. मात्र ती जागीच धरून ठेवणारी पट्टी बसवली की हा धोका कायमचा मिटतो.

१९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या कमिन्समध्ये व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप होता, आणि खरे दुखणे तिथे होते. याच काळातल्या काही ब्लॉकवर ‘५३’ हा आकडा ओतलेला दिसतो. त्यांची पाण्याच्या बाजूची भिंत पातळ असून तिला तडा जाण्याचे प्रकार ठाऊक आहेत. ती गाडी पाहायला गेलात तर टॉर्च घेऊन तो आकडा शोधाच. २००३ ते २००७च्या मध्यापर्यंतचा कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना उच्च दाबाचे इंधन देणारी सामाईक नळी) असलेला ५.९ लिटरचा नमुना माझ्या मते तडजोडीचा सर्वोत्तम बिंदू आहे : आवाज कमी, ताकद पुरेशी आणि निकासातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची कटकट नाही. इंजेक्टर मात्र स्वच्छ इंधनाबाबत फार नाजूक आहेत.

जनरल मोटर्स आणि इसुझू यांनी मिळून केलेल्या ड्युरामॅक्सची सुरुवात २००१ साली एलबी७ या नमुन्याने झाली. त्याचे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसवलेले आहेत. ते गळू लागले की डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि बदलायचे तर काम लांबते. हा दोष इतका सार्वत्रिक होता की कंपनीने इंजेक्टरांना ७ वर्षे किंवा २,००,००० मैल असे विशेष संरक्षण दिले. ज्या गाडीचे इंजेक्टर बदलून झाले आहेत आणि तसे कागद आहेत, ती गाडी न बदललेल्या गाडीपेक्षा निश्चित बरी. २००६-०७ मधला एलबीझेड हा या घराण्यातला लाडका नमुना आहे. तोही शक्ती वाढवून पळवलेला नसेल तरच, कारण वाढवलेल्या शक्तीखाली त्याचे पिस्टन तडकतात.

आता पंपाकडे येऊ. बॉशचा सीपी३ हा तीन पिस्टनांचा पंप दणकट म्हणून ओळखला जातो. त्याच्या जागी आलेला सीपी४.२ हा दोन पिस्टनांचा पंप २०११ ते २०१६ मधल्या ड्युरामॅक्समध्ये, २०११पासूनच्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये आणि २०१९-२० मधल्या कमिन्समध्ये बसवला गेला. या पंपातला रोलर स्वतःच्या जागी आडवा फिरला तर तो कॅमवर फिरायचा थांबतो आणि घासू लागतो. त्यातून निघालेला धातूचा चुरा इंधनाबरोबर रेलमध्ये, इंजेक्टरांत आणि परतीच्या नळीतून थेट टाकीपर्यंत जातो. तेव्हा पंप बदलून भागत नाही. इंधनाची सगळी यंत्रणाच बदलावी लागते. २०१७च्या ड्युरामॅक्सने डेन्सोचा पंप घेतला, कमिन्सही २०२१ साली सीपी३कडे परतले आणि आधीच्या दोन वर्षांच्या गाड्या परत बोलावून त्यांचे पंप बदलून देण्यात आले. इंजिन तेच, ब्लॉक तोच, आणि केवळ एका पंपामुळे दोन वर्षांच्या गाड्या संशयास्पद ठरतात. म्हणून माझे आपल्याला सांगणे असे की विक्रेत्याला इंजिनाच्या नावाआधी पंप कोणता हे विचारावे, आणि सीपी४.२ असेल तर पंपावरचा इंधनमापक व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर चमकणारे कण आहेत का हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. कण दिसले तर गाडी कितीही कमी चाललेली असली तरी घेऊ नये.

प्रश्न : माझी गाडी काजळीचा फिल्टर असलेली आहे. ऑइल वेळेवर बदलतो, तरीही फिल्टर स्वच्छ करण्याची प्रक्रिया वारंवार सुरू होते आणि ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. माझा प्रवास रोजचा, पाच-सहा मैलांचा आहे. एका गॅरेजने ही सगळी यंत्रणा काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : मानू नये. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन यंत्रणा काढणे बेकायदेशीर आहे, आणि आपला प्रश्न त्या यंत्रणेचा नसून प्रवासाचा आहे. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी निकासाचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. पाच मैलांत इंजिनच धड तापत नाही. प्रक्रिया सुरू होते, आपण किल्ली फिरवून गाडी बंद करता, आणि दुसऱ्या दिवशी तीच प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्या इंजिनांत तापमान वाढवण्यासाठी सिलिंडरमध्येच उशिरा जादा इंधन सोडले जाते, तिथे त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. वाढलेल्या पातळीचे हेच कारण असावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगला राखत नाही, म्हणून पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली असेल तर मैलांची वाट न पाहता ऑइल आधीच बदलावे.

आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास महामार्गावर गाडी चालवावी, जमल्यास मागे वजन घेऊन. प्रक्रिया चालू असताना मध्येच थांबू नये. गाडी उभी करून तासन्‌तास इंजिन चालू ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडावी. त्यातून काजळी फक्त वाढते. टर्बोच्या हलत्या पात्यांवर काजळी बसून ती अडकतात, त्यावर एक्झॉस्ट ब्रेकचा नियमित वापर हा सोपा उपाय आहे, कारण त्यामुळे पाती दररोज पूर्ण टोकापर्यंत हलतात. वर्षातून एकदा ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. त्यात इंधनाचे प्रमाण किती हे कळतेच, शिवाय सिलिकॉन वाढले तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरते आहे आणि सोडियम किंवा पोटॅशियम वाढले तर कूलंट झिरपते आहे, हे बिघाड होण्याआधी समजते.

हेही लिहितो, जरी ते अप्रिय वाटेल : आपला प्रवास खरोखर एवढाच असेल आणि ट्रेलर ओढायचा नसेल, तर आपल्याला डिझेल गाडीची गरज नाही.

प्रश्न : डिझेलमध्ये वंगण वाढवणारे द्रव्य घालावे का?

उत्तर : सीपी४.२ पंप असेल तर घालावे. २००६पासून अमेरिकेत महामार्गावरच्या गाड्यांसाठी डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांवर आणले गेले आणि ते काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो, म्हणून तेलकंपन्या तो बाहेरून घालतात. अमेरिकी मानकात झिजेच्या चाचणीतला ओरखडा ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, तर युरोपी मानकात ४६०पर्यंतच. सीपी४ या पंपांचे मूळ घर युरोपात आहे, हे लक्षात घेतले की सल्ल्याचे कारण कळते. द्रव्य वंगणासाठीच आहे याची खात्री करावी, कारण दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्या थंडीसाठी किंवा सीटेन (डिझेल किती सहज पेटते त्याचे माप) वाढवण्यासाठी असतात. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे इंधन फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्याखालच्या भांड्यातले पाणी नेमाने सोडून देणे. पंपाला पाण्याइतका शत्रू दुसरा नाही.

प्रश्न : माझ्याकडे २००१ सालचा कमिन्सचा पिकअप असून त्याचा व्हीपी४४ पंप दोनदा बदलून झाला. तिसऱ्यांदा बदलावा की गाडी विकावी?

उत्तर : दोन्ही करण्याआधी त्याच्या मागचा छोटा लिफ्ट पंप, म्हणजे टाकीतून त्याच्यापर्यंत इंधन आणणारा पंप, तपासा. व्हीपी४४ आपल्यातून वाहणाऱ्या डिझेलनेच थंड राहतो आणि त्याच्यावरच त्याचे वंगण होते. इंजिनावर बसवलेला मूळचा लिफ्ट पंप कमकुवत आहे. तो थकला तरी गाडी चालत राहते, कारण व्हीपी४४ स्वतः इंधन ओढून घेतो आणि त्यातच जळून जातो. आपल्या दोन्ही पंपांच्या वेळी लिफ्ट पंप जुनाच ठेवला गेला असेल, तर दोष व्हीपी४४चा नव्हता. चौकटीवर टाकीजवळ बसणारा जोमदार लिफ्ट पंप घ्यावा आणि चालकाला दिसेल असा इंधनदाबाचा काटा लावावा. चढावर पूर्ण जोर दिल्यावर काटा १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) खाली जाऊ लागला की लिफ्ट पंप बदलायचा, व्हीपी४४ नव्हे.