अंगावर डाग नाही, बुरशी नाही, तरी टाकीतले मासे एकेक करून मरतायत. कोणतं औषध टाकू?

आधी औषध नकोच. दुकानातली निळी-पिवळी औषधं अंदाजाने ओतली तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात आणि पाणी आणखी बिघडतं.

पहिला संशय पाण्यावर घ्या. ड्रॉप टेस्ट किटने (पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून रंगावरून मोजायचा संच) अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारी आणि फिल्टरमधले जिवाणू संपवतात ती विषारी द्रव्यं, मोजा. दोन्ही शून्यच हवेत. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत आणि कल्ले तपकिरी दिसतायत, तर नायट्राइट असण्याची शक्यता मोठी. नेहमीचं कारण म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुणं. क्लोरीनने जिवाणू जातात आणि पुढच्या काही दिवसांत अमोनिया चढतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत नुसता पिळायचा.

आज लगेच 40 टक्के पाणी बदला. नवीन पाण्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रव्य) टाका, तापमानातला फरक 2 अंशांच्या आत ठेवा. रीडिंग शून्यावर येईपर्यंत रोज 25-30 टक्के बदलत राहा. एअर पंप चोवीस तास चालू, खाणं दोन दिवस बंद. नायट्राइट निघालं तर 10 लिटरला 10 ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून हळूहळू घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. (कोरीडोरस, म्हणजे तळाशी राहणारे छोटे कॅटफिश, असतील तर याच्या निम्मंच.)

मेलेला मासा ताबडतोब काढा, तो कुजला की अमोनिया वाढतो.

दोन्ही रीडिंग शून्य असूनही मरणं थांबत नसेल, तरच रोगाकडे वळा: पोट आत गेलंय का, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे का, ते बघून इथे फोटोसह लिहा.