वुजू झाला का नाही, ही शंका संपतच नाही तेव्हा

"क्रीममध्ये अल्कोहोल आहे, मग माझी नमाज होते का?" "नेलपॉलिश लावायचीच नाही का?" "लिपस्टिकमध्ये काय घालतात ते कसं कळायचं?" कोल्हापुरातल्या मुस्लिम मुली हे प्रश्न मला नेहमी विचारतात, कारण नमाजेआधी वुजू करावा लागतो, म्हणजे हात, तोंड, पाय धुवावे लागतात. बहुतेकींना जाणकाराकडून एक सरळ उत्तर मिळालं की विषय मिटतो. काहींचा मात्र उत्तर मिळूनही मिटत नाही. अशाच एकीबद्दल, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय. तिला सलमा म्हणू.

सलमा विशीतली. पार्लरचा कोर्स करून राजारामपुरीत कामाला लागलेली. भाभी तिला घेऊन आली ती तिच्या हातांमुळे. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, मनगटापर्यंत कातडी लाल आणि खरखरीत, नखांच्या कडेला रक्त सुकलेलं. "दर नमाजेला अर्धा अर्धा तास मोरीत असते ओ ही," भाभी म्हणाली. "बाहेर येते आणि परत आत जाते. टाकी संपते, पण हिचा वुजू संपत नाही."

दिवसभर हाताला हेअर कलर, वॅक्स, फेशियलची क्रीम लागायची. संध्याकाळी वाटायचं, नखाच्या कोपऱ्यात थर राहिलाय, पाणी कातडीपर्यंत पोचलंच नाही. रात्री मोबाइलवर एकेका घटकाचा शोध. ग्लिसरीन जनावराच्या चरबीचं असेल का? 'सेटिल अल्कोहोल' म्हणजे दारूच का? एकीकडे 'चालतं', दुसरीकडे 'हराम'. मग घरातल्या प्रत्येकाला, "माझी नमाज झाली असेल ना?"

धर्माचा निर्णय देणं माझं काम नाही. तिच्या घरचे ज्यांना मानतात त्या मौलानांकडे आम्ही तिघी गेलो. जाण्याआधी तिला सगळे प्रश्न एकाच कागदावर लिहायला सांगितलं होतं आणि ठरलं होतं की एका प्रश्नाला एकच उत्तर घ्यायचं.

मौलानांनी कागद शांतपणे वाचला. नेलपॉलिशचं उत्तर स्पष्ट होतं. कुराणातल्या सूरह माइदाच्या 6व्या आयतीत चेहरा आणि कोपरापर्यंत हात धुवायला सांगितलंय. नेलपॉलिशचा थर पाणी अडवतो, म्हणून वुजूआधी ती काढायची. मेंदीचा नुसता रंग उरतो, थर नाही, म्हणून ती चालते. पाणी आरपार जातं असं सांगून विकतात त्या नेलपॉलिशवर त्यांनी भरवसा ठेवू नको म्हटलं. पाळीच्या दिवसांत नमाज नसतेच, तेव्हा लाव आणि गुस्लच्या, म्हणजे पाक होण्यासाठीच्या अंघोळीच्या, आधी काढ.

अल्कोहोलबद्दल ते म्हणाले, हनफी पंथाच्या उलेमांपैकी, म्हणजे धर्मपंडितांपैकी, बरेच जण द्राक्ष-खजुराची दारू वेगळी मानतात. इतर पदार्थांपासून किंवा रसायनांपासून केलेलं अल्कोहोल अत्तरात, क्रीममध्ये बाहेरून लागलं तर अंग नापाक होत नाही. कडक मताचेही उलेमा आहेत, पण तू या मतावर चाललीस तरी तुझी नमाज होते. सेटिल अल्कोहोल तर मेणासारखा पदार्थ, त्याचा नशेशी संबंध नाही, हे मी सांगितलं. मौलाना पुढे म्हणाले, डुकराच्या चरबीचं आहे असं पक्कं कळलं तर ती वस्तू सोडायची. नुसत्या संशयावरून ग्लिसरीनच्या मागे लागायचं नाही. लिपस्टिकमधला कारमाइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात आणि लिपस्टिक थोडी पोटातही जाते, म्हणून ती बिनकारमाइनची बघून घे, एवढंच.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. नमाजेत वारा सरला की काय अशी शंका येणाऱ्याला पैगंबरांनी सांगितलं होतं: आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नकोस. नुसत्या शंकेनं खात्रीची गोष्ट मोडत नाही, हा फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, मूळ नियमच आहे. "बेटा, हा वसवसा आहे, मनातली पोकळ शंका. याचं ऐकायचं नसतं."

मराठीत आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो तो आजार असाच असतो. प्रत्येकाचा मंत्रचळ त्याच्या जिवाभावाच्या जागी बसतो. कुणाचा देवपूजेच्या सोवळ्यात, कुणाचा गॅस बंद केला का यात, सलमाचा वुजूत. तिचा दीन, म्हणजे धर्म, कमी पडत नव्हता, उलट त्यावर जीव होता म्हणून भीतीनं तेच धरलं. हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

पुढचं काम चिकाटीचं. पैगंबर एक मुद या जुन्या मापाच्या पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींमध्ये, आहे. म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर. आम्ही नळ बंद ठेवून पितळी तांब्या ठरवला. एक तांब्या, प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीनदा, आणि बाहेर. परत जायचं नाही. पहिले दिवस कठीण गेले. मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजेच्या चटईवर, उभी राहिली की छाती धडधडायची, पाय मोरीकडे ओढायचे. ती धडधड सोसायची, पाण्यानं शमवायची नाही. शमवली नाही तरी ती आपोआप उतरते, हे शरीराला कळायला वेळ लागतो. सोबत मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या आणि त्वचेच्या डॉक्टरांचं मलम होतं.

सगळ्यात अवघड गेलं घरच्यांना. "झाली गं नमाज, झाली," हा दिलासा दिला की ती दहा मिनिटं शांत व्हायची आणि मग पुन्हा विचारायची. दिलासा आजाराला खतपाणी घालतो. भाभी आता म्हणते, "याचं उत्तर तुला मिळालंय," आणि विषय बदलते. प्रेमाच्या माणसाला असं उत्तर देणं फार जड असतं, पण मदत याचीच होते.

एक प्रश्न मात्र आजाराचा नव्हता. भुवया कोरण्याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे आणि पार्लरचं निम्मं काम थ्रेडिंगचं. मौलानांनी सांगितलं, शोभेसाठी भुवया कोरणं टाळ, दुसऱ्यांच्याही. तिनं खूप विचार केला आणि मालकिणीशी बोलली. आता थ्रेडिंग दुसरी मुलगी करते. सलमा फेशियल, केस आणि नवरीची मेंदी बघते. पगार थोडा कमी झाला. मी तिला थांबवलं नाही. त्या निर्णयात घाबरणं नव्हतं. एकदाच ठरवलं, पुन्हा उकरलं नाही.

साजशृंगार करावा की नाही याचीही रुखरुख तिच्या मनात होती. त्यावर मौलानांनी सूरह आराफची 32वी आयत वाचून दाखवली: अल्लाहनं बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा हराम कुणी ठरवली? ती आयत तिनं आपल्या वहीत लिहून घेतलीय.

तुमच्या घरात कुणी वुजू, गुस्ल किंवा लेबलं वाचण्यात रोज तासाहून जास्त वेळ घालवत असेल, हातांना चिरा पडल्या असतील किंवा शंकेपायी नमाजच टळायला लागली असेल, तर ओरडू नका आणि समजूतही घालत बसू नका. मौलानांकडे एकदा जा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे नियमित जा. लगेच जाणं जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.