डोरोच्या खोऱ्यात वाइन न पिणाऱ्यांनी जावं का?

तुम्ही विचारलंय की पोर्तुगालमधल्या पोर्तोला तीन दिवस आहोत, घरात कुणी दारूला शिवत नाही, तर डोरो नदीच्या द्राक्षमळ्यांसाठी एक दिवस घालवावा का. घालवा. एक कशाला, दोन घालवा. तिथे बघण्यासारखी गोष्ट बाटलीत नाहीच, डोंगरावर आहे.

मी राजापूर तालुक्यातला. बावीस वर्षं मालवाहू बोटींवर फिटर होतो. २००९ च्या फेब्रुवारीत आमची बोट पोर्तोजवळच्या लेशोंइश बंदरात लागली आणि मला दीड दिवस सुट्टी मिळाली. बाकीचे गावात बाजाराला गेले. मी सां बेंतु स्टेशनवरून आगगाडी धरली आणि डोरोकाठच्या पिन्यांव गावी उतरलो. अडीच तास लागले असतील. जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बसा, तासाभरानंतर नदी अगदी रुळांना चिकटून येते.

पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरशांची चित्रं आहेत, त्यात द्राक्षतोडणी दाखवली आहे. ती बघून बाहेर आलो, मान वर केली आणि तसाच उभा राहिलो. नदीपासून माथ्यापर्यंत नुसते गडगे, म्हणजे दगडी बांध. आपल्या कोकणात डोंगरउतारावरच्या वरकशीत असतात तसेच, मातीचुन्याशिवाय रचलेले, एकावर एक, पंचवीस-तीस थर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत वेलींच्या एक-दोन ओळी. जमीन म्हणावी तर ती नव्हेच. शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा काळपट दगड, तो पहारीने फोडून फोडून त्याचीच माती केलेली. कातळातून शेत काढलंय त्या लोकांनी.

चढून गेलो तर एक म्हातारा ढासळलेला गडगा बांधत होता. भाषेचा प्रश्नच नव्हता, ना त्याची मला ना माझी त्याला. मी एक लांबट दगड उचलून त्याच्या ओळीत ठेवला, दिसायला छान, लांबी बाहेरून दिसेल असा. त्याने तो काढला, फिरवला, लांब बाजू डोंगरात घुसवली आणि खाली दोन चिपा मारून अंगठ्याने दाबून बघितला. हलला नाही. माझे बाबा नेमकं हेच करायचे. "दगडाचं तोंड बाहेर, शेपूट आत," म्हणायचे. मी तिथे दोन तास त्याला दगड देत बसलो आणि शेवटची गाडी जेमतेम पकडली.

इतिहास हवा असेल तर थोडक्यात. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये. यांच्या पोर्ट नावाच्या गोड वाइनच्या मुलखाची हद्द पोंबालचा मार्क्विस या पोर्तुगालच्या मंत्र्याने १७५६ मध्येच ठरवली आणि पुढे ग्रॅनाइटचे खांब पुरून आखली. पोर्ट गोड का, तर रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचीच कडक दारू ओतून आंबणं थांबवतात, साखर शिल्लक राहते. पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने खाली, पोर्तोसमोरच्या विला नोव्हा द गायाच्या वखारींत जायची. पुढे धरणं झाली आणि त्या होड्या फक्त दिखाव्यापुरत्या उरल्या.

१८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या किडीने मुळं खाऊन मळे ओस पाडले. उपाय काय निघाला? कलम! खुंट अमेरिकन, वरची काडी गावठी. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. त्या वेळी सोडलेले काही गडगे अजून दिसतात, त्यांच्यावर आता ऑलिव्ह आहेत किंवा झाडोरा.

आता माझं दुखणं सांगतो. आमचीही पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वर तीन एकर डगर, म्हणजे उताराची जमीन होती, आजोबांच्या हातचे गडगे, वर नाचणी-वरी, कडेला काजू. घरं मुंबईला गेली, कुणी दगड लावेना, दर पावसाळ्यात एकेक गडगा बसला. मी सुट्टीवर आलो की दादाला सांगायचो, दोन गडी लाव, पाच वर्षांत उभं करू. दादाचं उत्तर ठरलेलं, "कातळावर तुझं कपाळ पिकणार?" पोर्तोहून फोन केला तर म्हणाला, तिथे द्राक्षं होतात म्हणून ते रचतात. मी म्हटलं, ते रचतात म्हणून द्राक्षं होतात. २०११ मध्ये मी बोटीवर असताना डगर विकली गेली. घेणाऱ्याने जेसीबी लावून उतार सरळ कापला. पहिल्याच पावसात लाल चिखल पऱ्यात उतरला, आणि खालच्या वाडीच्या विहिरीचं पाणी गणपतीपर्यंत गढूळ होतं. एकेकाळी राजापूरपर्यंत गलबतं यायची, इंग्रजांची वखार होती. खाडी भरली ती डोंगरावरून आलेल्या अशाच मातीने.

एक मान्य करतो. दादाचं सगळंच चूक नव्हतं. तिकडे पाऊस थोडा, आणि शिस्टच्या फटींतून वेलीची मुळं खोल जातात. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि जांभा निराळा. द्राक्ष इथे होणार नाही, मी तसं म्हटलंच नव्हतं. पण काजू होतो, कोकम होतो, आणि गडग्याशिवाय दोन्हींखालची माती राहत नाही.

दुसरा दिवस असेल तर गाडीने वरच्या अंगाला कोआ नदीच्या खोऱ्यात जा. खडकांवर उघड्यावर कोरलेली जनावरं आहेत, पुराश्मयुगातली. त्यांच्यासाठी तिथलं अर्धवट धरण थांबवलं आणि १९९८ मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. बारसूची कातळशिल्पं ज्याने पाहिली आहेत त्याने हे चुकवू नये. लामेगो गावचं उंच पायऱ्यांचं देऊळही सगळे सांगतात. मी गेलो नाही.

उन्हाळ्यात जाऊ नका, दरी भट्टीसारखी तापते. तोडणी बघायची तर सप्टेंबर. पिन्यांवला उतरलात तर नदीकाठची बोट सोडा आणि तासभर पायी चढा. सगळे थर एकात येतील असा एक फोटो काढून इथे टाका. दादाला दाखवायचा आहे.