किचे भाषेतला ‘क’ आणि आपला ‘ख’ एकच का?

नाही. ग्वाटेमालातल्या या माया भाषेच्या नावातच, रोमन लिपीत लिहिताना, ‘क’च्या अक्षरामागे वर एक छोटी खूण असते. (स्पॅनिश वळणाच्या जुन्या लेखनात ती नव्हती, 1987च्या अधिकृत वर्णमालेत आहे.) ती पाहून आपल्याला महाप्राण आठवतो, पण प्रकार वेगळाच आहे.

‘ख’ म्हणताना फुप्फुसातली हवा भसकन बाहेर येते. किचेत या खुणेच्या ‘क’साठी जीभ टाळूला टेकते, त्याच वेळी स्वरयंत्रही बंद होतं आणि वर सरकतं. मध्ये कोंडलेली हवा दाबली जाते आणि जीभ सुटताच बाटलीचं बूच उडाल्यासारखा ‘क्’ फुटतो. श्वास रोखून धरा आणि तसाच ‘क’ म्हणून पाहा, साधारण तोच निघेल. तोंडासमोर कागद धरलात तर ‘ख’ला तो चांगलाच हलेल, याला फारसा नाही.

किचेत साधा ‘क’ आणि हा फुटणारा ‘क’ हे वेगळे वर्ण आहेत, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. शिवाय पडजिभेजवळ उच्चारायची अशीच आणखी एक जोडी आहे. मराठी जिभेला खरी कसरत तिथे.

त्यांचा ‘ब’ मात्र उलटा, त्यात स्वरयंत्र खाली जातं. तसा ‘ब’ ऐकायचा तर उल्हासनगरात एखाद्या सिंधी आजोबांशी गप्पा मारा.