तीन हिरवे दिवे

प्रश्न : दिवाळीत आईला घेऊन विमानाने नागपूरला येत होते. शहराचे दिवे दिसायला लागले आणि विमान एकदम पुन्हा वर चढलं. दहा मिनिटं कोणी काही सांगेना. मग कॅप्टन म्हणाले, चाकांचा दिवा लागत नाहीये, तपासून उतरतो. पुढे अर्धा तास घिरट्या. आईचा जप थांबत नव्हता. बिघाड होता तर लगेच का उतरवलं नाही?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ताई, मी बरीच वर्षं बोईंग 737 उडवलं, म्हणून आत काय चाललं असेल ते सांगू शकते. चाकं खाली येऊन घट्ट बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. एक जरी लागला नाही तरी आधी उंची घ्यायची. जमिनीजवळ शोधाशोध करायला वेळच नसतो. मग कामं वाटून घ्यायची. एकाने फक्त विमान सांभाळायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट वाचायची.

ही शिस्त माणसं गमावून आली आहे. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट 401 मायामीला उतरत होतं. पुढच्या चाकाचा दिवा लागेना. 2000 फुटांवर ऑटोपायलट (विमान आपोआप उडवणारी यंत्रणा) लावून सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. तो काढला, परत बसवताना अडकला. तेवढ्यात ऑटोपायलटची उंची धरून ठेवण्याची सोय नकळत सुटली. विमान हळूहळू खाली येत होतं आणि उंचीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत 101 जीव गेले. चाक खाली आलेलंच होतं, बल्ब तेवढे गेले होते! हे सांगताना आजही माझा घसा दाटतो.

1978 मध्ये अमेरिकेतल्याच पोर्टलंडला असंच झालं : चाकांच्या काळजीत तासभर घिरट्या, आणि इंधनच संपलं. दहा जण गेले. म्हणून आता घिरट्या घालताना इंधन किती मिनिटांचं उरलंय, ते पुन्हा पुन्हा मोठ्याने बोलायचं.

चाकं खरंच अडकलीच, तर 737 च्या कॉकपिटमध्ये उजव्या सीटच्या मागे जमिनीत एक झाकण असतं. त्याखाली तीन हँडल. ओढली की चाकांची कुलुपं सुटतात आणि चाकं आपल्या वजनाने खाली पडतात. प्रत्यक्षात मला हे एकदाच करावं लागलं. पायाखाली धप्प आवाज झाला, तिसरा दिवा हिरवा झाला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

त्या दहा मिनिटांच्या शांततेबद्दल मात्र मनात राग धरू नका. आधी विमान, मग दिशा, मग कंट्रोल टॉवर. प्रवाशांशी बोलणं त्यानंतर येतं.