भाताच्या कोंड्याचे तेल घाण्यावर निघेल का?

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात आमची लहान भातगिरणी आहे. हंगामात दिवसाला पन्नास क्विंटलच्या आसपास धान भरडले जाते आणि निघालेला कोंडा गुरांच्या खाद्यासाठी व्यापाऱ्याला जातो. या कोंड्यापासून खाण्याचे तेल काढतात असे कळले. शेजारच्या गावात तेलघाणा आहे. त्यावर आमचा कोंडा गाळून घरापुरते तेल काढता येईल का? की मुलगा म्हणतो तसे रसायन आणून आपणच ते काढावे?
– एक गिरणीमालक

उत्तर : रसायनाचा विचार आपण आजच सोडून द्यावा, ही कळकळीची विनंती. तेल कारखान्यांत वापरले जाणारे हेक्झेन हे पेट्रोलच्या जातीचे द्रव असून ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या एका ठिणगीनेही पेट घेते. गिरणीची मोटर, चूल, विडी यांपैकी काहीही त्याला पुरते. बंदिस्त यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसे असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

घाण्याचे उत्तरही नकारार्थीच आहे, मात्र त्याचे कारण वेगळे आहे. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या जवळपास तेल असते. कोंड्यात ते साधारण १५ ते २० टक्केच असते आणि कोंडा पिठासारखा बारीक असल्यामुळे दाबाखाली त्याचा घट्ट थर बसतो, ज्यातून तेलाला वाट मिळत नाही. आपल्या पन्नास क्विंटल धानातून चारेक क्विंटल कोंडा मिळतो असे धरले, तर त्यात साठ ते ऐंशी किलो तेल आहे, आणि घाण्यावर त्यातले बरेचसे पेंडीतच राहील. जे निघेल ते काळपट हिरवट, मेण व डिंक असलेले आणि गाळूनही स्वच्छ न होणारे असेल. आपली गिरणी जुन्या हलरची असेल, तर तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात, आणि अशा मिश्रणात तेलाचे प्रमाण आणखी कमी होते. रबरी रोलरवर आधी तूस काढून मग तांदूळ पॉलिश करणाऱ्या गिरणीचाच कोंडा तेलासाठी कामाचा असतो.

परंतु खरी अडचण याहून खोलवरची आहे. धानाचा दाणा अखंड असतो तोवर त्यातले तेल आणि ते तेल फोडणारे लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) एकमेकांपासून दूर असतात. पॉलिशच्या घर्षणाने ही फारकत मोडते, दोन्ही एकत्र येतात आणि त्याच घटकेपासून तेलाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले तयार होऊ लागतात. ताजा कोंडा मुठीत घेऊन पाहा : तो कोमट असतो, त्याला गोडसर, भाजल्यासारखा वास येतो आणि मूठ उघडली तरी गोळा तसाच राहतो. तोच कोंडा दमट हवेत पोत्यात काही दिवस ठेवला की जिभेच्या टोकाला कडवट, साबणासारखी चव लागते. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर आतला कोंडा चांगलाच गरम लागल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. मुक्त मेदाम्ले जितकी जास्त, तितके तेल शुद्धीकरणात वाया जाते, आणि फार वाढली तर ते तेल साबणाच्या कामाला जाते. चांगले अन्न केवळ वेळेवर न हलवल्यामुळे असे मातीमोल होते, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून आपल्यासारख्या गिरणीमालकाने तेल काढण्यापेक्षा कोंडा टिकवण्याकडे लक्ष द्यावे. कारखान्यांत वाफ देऊन किंवा एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे कोंडा दाबून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, साधारण १३० अंशांपर्यंत काही सेकंद तापवून हे विकर निकामी करतात. नुसते कढईत भाजल्याने हे पुरते साधत नाही. कोरड्या उष्णतेत विकर तग धरते आणि पुन्हा ओल लागली की कामाला लागते. ओली उष्णता हवी, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या उकड्या तांदळाच्या कोंड्यावरून सहज पटते. धान आधी शिजल्यामुळे विकर तिथेच मरते, कोंडा अधिक काळ टिकतो आणि त्यातले तेलाचे प्रमाणही जास्त असते. परिसरातल्या चार-पाच गिरण्यांनी मिळून स्थिरीकरणाचे, म्हणजे विकर निकामी करून कोंडा टिकवण्याचे, एक यंत्र घेतले, किंवा जवळच्या तेल कारखान्याशी ठरवून कोंडा त्याच दिवशी पोहोचवला, तर व्यापाऱ्याच्या भावापेक्षा नक्कीच बरा भाव मागता येईल. कारखान्यात पुढे कोंड्याच्या गोळ्या करून त्यावरून हेक्झेन खेळवतात, वाफेने ते उडवून परत गोळा करतात, मग डिंक, मेण, रंग आणि वास काढून तेल खाण्याजोगे करतात. उरलेल्या कोंड्यात एखादा टक्काच तेल राहते, त्यामुळे तो खवट होत नाही आणि पशुखाद्याला उत्तम चालतो. आपल्या गुरांचा वाटा त्यामुळे बुडत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

प्रश्न : थंडीत राईस ब्रान (भाताच्या कोंड्याच्या) तेलाच्या बाटलीत तळाशी पांढुरका गाळ दिसतो. तेलात भेसळ असेल का? आणि ‘ओरायझॅनॉल’ म्हणजे काय?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : या तेलात सुमारे पाचवा हिस्सा पामिटिक आम्ल असते, जे थंडीत गोठू लागते, कधी राहून गेलेले थोडे मेणही त्यात असते. दोन्हींनी अपाय होत नाही. ओरायझॅनॉल हा तांदळाच्या कोंड्यातला घटक असून जपानमध्ये १९५४ साली तो प्रथम वेगळा करण्यात आला. रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. मात्र क्षार वापरून शुद्ध केलेल्या तेलात त्याचा मोठा भाग निघून जातो, तर वाफेवर आम्ले उडवण्याच्या पद्धतीत तो बऱ्यापैकी टिकतो, म्हणून लेबलावर त्याचे प्रमाण छापलेले आहे का, हे पाहूनच तेल घ्यावे. गाळाची शंका असल्यास बाटली कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावी. तेल पुन्हा नितळ झाले तर निश्चिंतपणे वापरावे. गाळ तसाच राहिला किंवा वास खवट आला, तर बाटली बिलासह दुकानदाराला परत करावी.